रुपालीच्या नावाचा उपास

बहरीनमध्ये डोंगर नाही. म्हणायला एक आहे, जबल दुखान नावाचा, बेटाच्या मधोमध; पण कमळगडाच्या पायथ्याशी जन्मलेल्या बाईला तो दाखवणं म्हणजे तिची चेष्टाच. लग्नानंतर सुयोगरावांनी बायकोला मोठ्या कौतुकाने तिथे नेलं होतं. गाडी बरीचशी वर गेली. रुपाली उतरली, चारी बाजूंची सपाट वाळू आणि तेलाचे पाइप पाहिले आणि म्हणाली, "आन् डोंगर कुठाय?" सुयोगराव तेव्हा नवे नवरे होते, म्हणून हसले.

रुपाली धुमाळ वाई तालुक्यातल्या वासोळ्याची. तिचे वडील वनखात्यात रखवालदार. त्यांची भाकरी घेऊन ही पोर रानातून गडावर जायची, गेरूच्या विहिरीच्या पायऱ्या उतरून आत बसायची आणि परत यायला उशीर केला म्हणून आईचा मार खायची. मार खाऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा जायची. मग कॉलेज झालं, लग्न झालं, आणि कराडचे सुयोग धुमाळ तिला बहरीनला घेऊन आले. ते तुबलीतल्या एका गॅरेजचे सर्व्हिस मॅनेजर. तिला मुहर्रकला, विमानतळाच्या कार्गोत नोकरी लागली. आता ती तिथे नाशवंत मालाच्या विभागाची सुपरवायझर आहे, आणि तिथले लोक तिला टरकून असतात.

कारण राग. रुपालीच्या नाकावर राग असतो असं सगळे म्हणतात. मला विचाराल तर तो नाकावर नसतो, खूप खोल असतो, नाकावर फक्त त्याचं टोक दिसतं. एकदा उन्हात तापलेल्या ट्रकमधून मासळीचे खोके उतरवायला घेतले तेव्हा तिने ट्रक जागच्या जागी परत पाठवला. ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, इंशाल्ला कुछ नहीं होगा." ती म्हणाली, "इंशाल्ला को बीच में मत ला. बर्फ किधर है?" बर्फ मफी होता, म्हणजे नव्हताच. ट्रक गेला.

त्याच विभागात एक दिवस पेरूहून शतावरीचे खोके आले. शतावरी म्हणजे ती हिरवी कोवळी देठं, हॉटेलवाले महागात विकतात. खोक्यावर डोंगराचं चित्र होतं, पायऱ्यापायऱ्यांचा डोंगर, आणि प्रत्येक पायरीला दगडी भिंत. रुपाली खोका हातात धरून तशीच उभी राहिली. शेजारच्या टेबलावरची नसीमा मुहर्रकच्याच जुन्या गल्लीतली, जन्मापासून विमानांच्या आवाजात वाढलेली. तिने विचारलं, "क्या हुआ, रुपाली? माल खराब है?" रुपाली म्हणाली, "नहीं. माल एकदम अच्छा है."

घरी जाऊन तिने वाचून काढलं. इन्का लोक, त्यांचे डोंगरावरचे रस्ते, त्यांची नगरं. माचूपिच्चू तिला आवडलं, पण तिथे आगगाडी जाते, बस जाते, दारात फोटो काढायला रांग लागते. तिचं मन बसलं दुसऱ्याच ठिकाणी, चोकेकिराववर. तिथे गाडीरस्ता नाही. एका बाजूने खोल दरीत उतरायचं, तळाला अपुरिमाक नावाची नदी ओलांडायची, आणि समोरचा तेवढाच उंच डोंगर चढायचा. वर इन्कांचं नगर, अजून अर्ध्याहून जास्त रानाखाली झाकलेलं. तिथल्या बांधांच्या भिंतींत पांढऱ्या दगडांनी लामा काढलेत, लामा म्हणजे उंटाच्या जातीचं तिकडचं लोकरीचं जनावर, उतारावर एकामागे एक निघालेले. पायाने गेल्याशिवाय ते दिसत नाहीत. हीच गोष्ट तिला आवडली. आपल्या पायांनी जाऊन ते लामा बघायचे, एवढंच तिला आयुष्यात स्वतःसाठी पाहिजे होतं. ह्यात जास्त काही मागितलं असं मला वाटत नाही.

पण बाईची रजा ही बाईची नसते. एका वर्षीची रजा दिराच्या लग्नात गेली, पुढची सासऱ्यांच्या मोतिबिंदूत, त्याच्या पुढची कराडच्या घराच्या वास्तुशांतीत. मग नणंदेचं बाळंतपण. मग पुन्हा दुसऱ्या दिराचं लग्न, आणि ते मोडलं तेव्हा त्याची समजूत घालायला आणखी एक. दर वेळी सुयोगराव म्हणायचे, "पुढच्या वर्षी नक्की, हं." पुढचं वर्ष म्हणजे बोलाचीच कढी. शेवटी रुपालीने दरवर्षीच्या ईदला नसीमाची ड्यूटी आपल्या अंगावर घ्यायला सुरुवात केली. नसीमाने तिला शब्द दिला होता की मागशील तेव्हा लांब सुट्टीत मी तुझं टेबल सांभाळीन. रुपालीची लेक अनुष्का बारावीतून बाहेर पडली आणि रुपालीने तो शब्द वसूल केला.

"एकटी?" सुयोगराव म्हणाले. "पेरूला? एकटी?"

"ग्रुप असतोय. गाईड असतोय."

"अगं, पण लोक काय म्हणतील? आपल्या मराठी मंडळात काय सांगू मी?"

"सांगा, बायको डोंगरावर गेली."

ते त्यांना सांगवेना. म्हणून त्यांनी स्वतःचंही तिकीट काढलं. बायकोची काळजी, म्हणाले. काळजी खरी होती, ते मी नाकारत नाही. पण काळजी करणारा माणूस निदान चार पावलं चालायची सवय तरी करतो.

चालायची सवय रुपालीने केली. सपाट बेटावर चढ कुठून आणायचा? तिने इमारतीचा जिना धरला. पाठीवर सॅक, सॅकमध्ये तांदळाच्या पिशव्या, आणि कामावरून आली की खालपासून गच्चीपर्यंत, पुन्हा खाली, पुन्हा गच्ची. उन्हाळ्यात जिन्यात भट्टी पेटलेली असते. वॉचमन ओवैस पहिल्या दिवशी धावत आला, "मॅडम, लिफ्ट तो चालू है!" नंतर त्यालाही सवय झाली. सुयोगरावांना मात्र लाज वाटायची. शेजारी विचारतात म्हणे, बायको रोज सामान का वाहते. ते स्वतः लिफ्टने वर जायचे आणि दारात उभे राहून म्हणायचे, "बास कर आता, चहा टाक." घामाने निथळत ती आधी सॅक उतरवायची, मग चहा टाकायची, आणि ह्या दोन कामांच्या मध्ये ती काय पुटपुटायची ते इथे लिहिण्यासारखं नाही.

उन्हाळ्यात दोघं कुस्कोला पोचले. कुस्को म्हणजे इन्कांची जुनी राजधानी, फार उंचावरचं गाव. तिथल्या गल्ल्यांत इन्कांनी रचलेल्या भिंती अजून उभ्या आहेत. चुना नाही, माती नाही, दगडाला दगड असा भिडवलेला की मध्ये नख जात नाही. रुपाली एका भिंतीशी किती तरी वेळ उभी राहिली. गावाकडचे गवंडी तिला आठवले. पण संध्याकाळी हॉटेलकडे जाणारी चढाची गल्ली चढताना तिला दम लागला. विरळ हवेत पहिल्या दिवशी सगळ्यांनाच लागतो. ती पायरीवर बसली, पाणी प्यायली, पाच मिनिटांत उठली.

सुयोगराव मात्र हबकले. बायको पायरीवर बसलेली त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. त्यांनी मनातल्या मनात गणपतीला सांगितलं, हिला सुखरूप ने आणि सुखरूप आण, येणारी अंगारकी मी निर्जळी करतो. एरवी ते संकष्टीला साबुदाण्याची खिचडी, रताळी, दोनदा चहा असं व्यवस्थित उपाशी राहायचे. ह्या वेळी पाण्याचा थेंबही नाही. आणि नवस बोलून दाखवायचा नसतो, म्हणून बायकोलाही सांगितलं नाही.

ट्रेकच्या पहिल्या दिवशी ते दरीत उतरले. सुयोगरावांचे गुडघे बोलायला लागले, पण उतार होता, निभावलं. दुसरा दिवस मंगळवार. भल्या सकाळी पूल ओलांडून समोरच्या डोंगराचा चढ सुरू झाला. ती दरी म्हणजे उंचावरची थंडी नव्हे. खाली कोरडं रखरखीत ऊन, निवडुंग, चावणारे चिलटांचे थवे आणि नुसता नागमोडी चढ. गाईड विल्बेर कुस्कोजवळच्या खेड्यातला, थोडकं इंग्रजी बोलणारा. तो प्रत्येक वळणावर सगळ्यांना पाणी प्यायला लावायचा. गटात आणखी चौघं होते, ते निमूट प्यायचे. सुयोगरावही बाटली तोंडाला लावायचे. ओठ मिटलेले ठेवायचे आणि "आहाहा" म्हणायचे. पाण्याशिवाय गोळी गिळता येईना म्हणून रक्तदाबाची गोळीही त्यांनी त्या दिवशी घेतली नव्हती.

रुपाली पुढे होती. तिचे पाय असे चालले होते की त्यांना कुणी सांगावं लागत नव्हतं. तांदळाच्या पिशव्यांचा एकेक जिना आज वसूल होत होता. विल्बेर तिला म्हणाला की अजून थोडं चढलं की एक वळण आहे, तिथून पलीकडच्या सोंडेवर चोकेकिराव पहिल्यांदा दिसतं. आज ते वळण आणि मुक्काम, उद्या सकाळी नगर. ती हसली. कार्गोतल्या कुणी ते हसू पाहिलं असतं तर ओळखलं नसतं.

तेवढ्यात मागून ओरडा झाला. सुयोगराव रस्त्यावर आडवे झाले होते. डोळे वर, पायांत गोळे, ओठ पांढरे, आणि उलटी करायला पोटात काही नाही. विल्बेरने त्यांची बाटली उचलली. बाटली गळ्यापर्यंत भरलेली. त्याला काही कळेना. रुपालीने मात्र बाटली पाहिली, तिला मंगळवार आठवला आणि सगळं कळलं.

"आज अंगारकी हाय," ती म्हणाली. "तुमी निर्जळी धरलीया?"

सुयोगरावांनी डोळे मिटूनच मान हलवली. "तुझ्यासाठी गं. तुझ्याच नावानं."

"माझ्या नावानं? म्या सांगितलं व्हतं तुमाला? म्या?" बहरीनमध्ये इतकी वर्षं काढून झिजलेली वासोळ्याची भाषा तिच्या तोंडातून घळाघळा बाहेर आली. "पानी पिऊ नका म्हनून देवानं सांगितलं का म्या? का त्या डोंगरानं?"

विल्बेरने मीठ-साखरेचं पाणी पाजलं. सुयोगराव "नको, चंद्रोदय" म्हणत होते. रुपालीने त्यांचं नाक दाबून घोट आत ढकलला. तासाभरात जिवावरचं टळलं. पण वर न्यायची विल्बेरची तयारी नव्हती. खेचरावर बसवून खाली नदीशी न्यायचं, उद्या पलीकडचा डोंगर चढून गाडीरस्त्याला, तिथून दवाखान्यात. खेचरवाला बरोबर जाईल, पण त्याला फक्त क्वेचुआ भाषा येते. आजाऱ्याशी बोलणारं कुणीतरी बरोबर पाहिजे. हे सांगून विल्बेरने कुणाकडेच पाहिलं नाही. इतर चौघांनी मात्र रुपालीकडे पाहिलं. कुठल्याही देशातले असोत, अशा वेळी सगळे बायकोकडेच बघतात.

"मी वळणापर्यंत जाऊन येते," ती म्हणाली. "नुसतं बघून. लगेच येते."

सुयोगरावांनी तिचा हात धरला. भीतीने त्यांचा चेहरा लहान झाला होता. "मला इथं टाकून नको जाऊ गं. मला काही झालं तर?"

ती गेली नाही. वळण समोर दिसत होतं, हाकेच्या अंतरावर, आणि ती गेली नाही. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, हे खरं. पण मारुती सुयोगरावांचा आणि शेपटी हिच्या गळ्यात.

ते खाली उतरले. दुसऱ्या दिवशी पलीकडचा सगळा डोंगर, तळापासून माथ्यापर्यंत, सुयोगराव खेचरावर बसून चढले आणि रुपाली खेचरामागून पायी चढली. त्या अख्ख्या ट्रेकमधला सगळ्यांत दमवणारा चढ म्हणे तोच. ती कुठेही बसली नाही. रागाने चालली. खेचराची धूळ खात, नवऱ्याच्या पाठीकडे बघत, आणि एकदाही मागे वळून न बघता, कारण मागे तो डोंगर होता.

बहरीनला आल्यावर सुयोगराव आठवड्यात टुणटुणीत झाले. तिने आदळआपट केली नाही. तोंडाने ती काही बोललीच नाही, आणि सुयोगरावांना वाटलं, झालं, खलास, राग गेला. पुरुषांना हे कसं काय वाटतं देव जाणे.

मग मंडळाचा कौटुंबिक मेळावा आला. अध्यक्ष दत्तप्रसाद हौशी माणूस. त्यांनी कार्यक्रमपत्रिकेत घातलं, 'इन्कांच्या देशात, वक्ते: श्री. सुयोग धुमाळ'. रुपालीचं नाव बटाटेवड्यांच्या समितीत होतं. मनामाच्या हॉलमध्ये पडदा लागला. विल्बेरने नंतर पाठवलेले फोटो एकामागून एक सरकू लागले: ढगांतलं नगर, बांधांच्या भिंतींतले पांढरे लामा. रुपाली ते तिसऱ्या रांगेतून बघत होती. ते तिचे लामा होते आणि तिने ते पाहिले नव्हते.

सुयोगराव रंगात आले होते. "काय तो चढ, काय ती दरी," म्हणाले. आणि मग, "शेवटच्या टप्प्यात आम्हाला परतावं लागलं. मिसेसना चढ झेपला नाही, काय करणार. आपल्या बायका इथं गाडी-एसीत राहून..." आणि लोक समजूतदारपणे हसले.

रुपालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेजारी बसलेली अनुष्का हळूच म्हणाली, "ममा, दॅट्स नॉट ट्रू, राइट?" लेकीच्या त्या 'राइट?'ने रुपाली उठली. बटाटेवड्यांचा एप्रन अंगावर तसाच. स्टेजवर गेली, नवऱ्याच्या हातातून माईक घेतला.

"मला झेपला," ती म्हणाली. "मी चढत होते. ह्यांनी अंगारकीला पाण्याचा थेंब न घेता डोंगर चढायला घेतला आणि चक्कर येऊन पडले. ह्यांना खेचरावर बसवून आणलं. मी खेचरामागून चालत आले, तो अख्खा डोंगर, पायी. हे जे फोटो तुम्ही बघताय, त्यातलं काहीही आम्ही दोघांनी पाहिलेलं नाही. ह्यांना झेपलं नाही. मला झेपलं."

सुयोगरावांनी मान खाली घातली. मी नवऱ्यांचा कैवारी नाही, पण त्या क्षणी त्यांची दया यावी असे ते उभे होते. बायको मागे चालतेय आणि आपण खेचरावर, हे चारचौघांत सांगायची हिंमत त्यांना झाली नव्हती. लाजेपायी एक वाक्य निसटलं होतं. दोन क्षण असेच गेले असते तर कदाचित ते स्वतःच काही खरं बोलले असते.

पण दत्तप्रसादांनी विचारलं, "वहिनी, निर्जळी? पण कशासाठी?"

"माझ्यासाठी," रुपाली फटकन म्हणाली. "मी सुखरूप राहावं म्हणून."

"वाऽ!" दत्तप्रसाद म्हणाले, आणि टाळी वाजवली.

मागून दुसरी टाळी आली, मग तिसरी, मग सगळा हॉल. बायका रुमाल डोळ्यांना लावू लागल्या. "बायकोसाठी नवऱ्याने उपास! ऐकलंय का कुठं?" "नशीबवान आहेस गं रुपाली." "आमच्या ह्यांना शिकवा जरा!" कुणीतरी सुयोगरावांना नारळ दिला. ते आधी गोंधळले, मग ओशाळले, आणि मग, माणूसच तो, थोडेसे हसलेही. रुपाली माईक धरून उभीच होती. ती एका डोंगराबद्दल बोलली होती आणि त्यातला एक दगडही कुणाच्या कानावर पडला नव्हता. तिने माईक खाली ठेवला, एप्रन सोडून त्यावर ठेवला आणि बाहेर गेली. वडे कुणी तळले मला माहीत नाही.

गाडीत अनुष्का मागे बसली होती. मुहर्रकच्या पुलावर आल्यावर सुयोगराव घसा खाकरून म्हणाले, "चुकलं माझं. तसं बोलायला नको होतं."

"हं."

"पण बघ, लोकांना पटलं. माझा हेतू वाईट नव्हता, हे सगळ्यांना कळलं."

रुपाली खिडकीबाहेर पाहत होती. दोन्ही बाजूंना पाणी, सपाट, आणि समोर विमानतळाचे दिवे. तिचा आवाज चढला नाही. कार्गोत ट्रक परत पाठवताना असायचा तसाच होता.

"मी नसीमाशी बोललेय. येणारी ईद माझी. पुढच्या उन्हाळ्यात मी परत जाणार. एकटी."

सुयोगरावांनी अगदी हळू विचारलं, "आणि मी? मी काय करू तुझ्यासाठी?"

"जेवा," रुपाली म्हणाली. "मी तिकडं असेन तेव्हा रोज दोन्ही वेळा पोटभर जेवा आणि पाणी प्या. माझ्या नावानं उपास धरलेला मला कळला, तर मी त्या डोंगरावरून परत येणार नाही."